पटाची जोडी परमुलखात

तुरीच्या शेंगा वाळू लागल्या, कपाशीचा दुसरा वेचा घरात आला आणि हरभऱ्याला घाटे धरले, की बुलढाणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर एक निराळी वाहतूक दिसू लागते. पिकअप गाडीत कुटाराचा जाड थर पसरलेला असतो आणि त्यावर दोन बैल खांद्याला खांदा लावून उभे असतात. शिंगे रंगवलेली, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. टपावर दोरखंडाने आवळलेला हलका छकडा. चालकाशेजारी मालक बसलेला, मागे बैलांजवळ धुरकरी आणि दोन-तीन पोरे. नवख्याला वाटावे, बैल बाजारात विकायला चालले आहेत. पण बाजाराला निघालेल्या बैलाच्या अंगावर एवढी झूल नसते आणि त्याच्या धन्याच्या तोंडावर एवढा हुरूपही नसतो. ही जोडी पटाला निघालेली असते.

शंकरपट हा वऱ्हाडाचा जुना खेळ. नंदी हे शंकराचे वाहन, म्हणून बैलांच्या शर्यतीला शंकराचे नाव. खरिपाची सुगी आटोपली, बैलांना थोडी उसंत मिळाली, म्हणजे गावोगाव पट भरतात. पौषापासून होळीच्या सुमारापर्यंत हा हंगाम चालतो. एका पटाहून दुसऱ्या पटाला, या तालुक्यातून त्या तालुक्यात, कधी जिल्ह्याबाहेर, तर कधी राज्याबाहेरही जोड्या फिरत असतात. या फिरत्या जोड्यांविषयी आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या घरांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख.

घाटावर आणि घाटाखाली

ज्यांनी आमचा जिल्हा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपला जिल्हा दोन शब्दांत सांगतात, 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून गेली आहे. तिच्या उत्तरेला पूर्णा नदीचे सपाट खोरे आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर ही घाटाखालची नावे. जमीन काळी, खोल, कपाशीची. काही भागात खारपाणपट्टा. डोंगराच्या वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा. येथे जमीन कोठे मध्यम, कोठे बरड, मुरमाड. बुलढाणा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मलकापूरकडून यायचे तर राजूरचा घाट चढावा लागतो.

या दोन भागांच्या मातीतला फरक पटातही दिसतो. घाटाखालच्या काळ्या जमिनीत पाणी आटले की भेगा पडतात. माणसाचे पाऊल अडकेल एवढ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. भरधाव बैलाचा खूर अशा भेगेत गेला तर पाय मोडलाच म्हणून समजा. म्हणून काळ्या रानात धावपट्टी करायची असेल, तर ती आधी वखरून, ढेकळे फोडून, पाणी शिंपडून आणि रोलर फिरवून पक्की करावी लागते. घाटावरच्या मुरमाड माळावर भेगांची भीती कमी, पण खडे वेचावे लागतात. नाहीतर खुराच्या तळव्याला इजा होते. पट भरवणारी मंडळी जाणती असली, की आठ दिवस आधीपासून या कामाला लागतात. पटाचे मैदान पाहिले, की त्या गावाला बैलाची किती कदर आहे ते कळते.

हाकेच्या अंतरावरचा परमुलूख

आमचा जिल्हा सीमेवरचा आहे. उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर. पश्चिमेला जळगाव, म्हणजे खानदेश. दक्षिणेला जालना, म्हणजे मराठवाडा. पूर्वेला अकोला आणि वाशिम. आज यांतला बराच मुलूख एकाच महाराष्ट्रात आहे. पण आजोबांच्या काळी तसे नव्हते. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते, जळगाव मुंबई प्रांतात होते आणि आमचा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. देऊळगावराजाहून जालन्याकडे निघालेला माणूस सकाळी एका राज्यात भाकरी खाई आणि दुपारी दुसऱ्या राज्यात पाणी पिई. १९५६ साली हे सर्व भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि १९६० साली महाराष्ट्रात.

त्यामुळे 'बाहेरची जोडी' या शब्दाला आमच्याकडे अजून वजन आहे. खानदेशची बोली निराळी, मराठवाड्याची निराळी, बऱ्हाणपूरकडची तर हिंदी मिसळलेली. पटाच्या मैदानावर या सगळ्या बोली एकत्र ऐकू येतात. बैलाला हाकण्याचे शब्दसुद्धा मुलखागणिक बदलतात. बाहेरची जोडी मैदानात उतरली, की गावच्या लोकांची मान आपोआप उंच होते. तिचे खांदे, तिची शिंगे, तिची चाल पाहून घेतली जाते. ती जिंकली तर मनात थोडे सलते, पण वाखाणणी मात्र मोकळेपणाने होते. हा मोठेपणा शेतकऱ्याच्या अंगी आहे.

आता रस्तेही बदलले. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पाही खुला झाला. पूर्वी पटाची जोडी पायी चालत जाई. दोन-तीन मुक्काम करी आणि वाटेतल्या गावी पाहुण्यासारखी राही. आता रात्री निघालेली जोडी उजाडता तीन जिल्हे ओलांडून मैदानावर हजर होते.

पट कसा चालतो

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचे प्रकार अनेक आहेत. पुणे आणि अहिल्यानगरकडे बैलगाडा घाटात चढणीवर पळवतात आणि बैलांपुढे घोडी धावते. सातारा-सांगलीकडे माळावर 'मैदान' भरते. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतील मैदान प्रसिद्ध आहे. अलिबागकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या धावत. आमच्या वऱ्हाडातील पट सरळ रेषेत असतो. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारच्या दोन पट्ट्यांवरून एकाच वेळी सुटतात. काही ठिकाणी एक-एक जोडी सुटते आणि घड्याळावर वेळ धरतात. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणी होते. वर्षभराची मेहनत, हजारोंचा खर्च आणि शेकडो मैलांचा प्रवास यांचा निकाल तुमची-आमची पापणी लवायच्या आत लागतो.

छकडा म्हणजे दोन हलकी चाके, दांडी, जू आणि धुरकऱ्याला पाय रोवण्यापुरती जागा. धुरकरी अंगाने किरकोळ, पण काळजाने घट्ट असावा लागतो. त्याचे खरे कौशल्य बैल पळवण्यात नाही, ते जोडी सरळ ठेवण्यात आहे. एक बैल अर्धे पाऊल पुढे गेला तरी छकडा तिरका होतो आणि वेळ वाया जातो. म्हणून दोन चपळ बैल एकत्र केले म्हणजे पटाची जोडी झाली, असे नव्हे. दोघांचा पल्ला, दोघांचा स्वभाव आणि दोघांची उंची जुळावी लागते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पटाचा लौकिक मोठा आहे. तेथे महिलांनीही छकड्यावर उभे राहून जोड्या हाकल्या आहेत. त्या पटात आणि अशाच काही जुन्या पटांत एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. नामांकित जोड्यांच्या गटाबरोबरच तेथे 'गावगाडा' म्हणून गावच्या शेतकऱ्यांच्या जोड्यांचा गट असतो. या गटाकडे मी मागाहून येणारच आहे. त्याआधी वाचकांना जरा दूरदेशी नेतो, कारण आपली अडचण दुसऱ्याच्या घरात पाहिली म्हणजे अधिक स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील गोल मैदान

अमेरिकेत मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. त्याचे नाव 'स्टॉक कार' शर्यत. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला ठेवलेला माल. ज्या मोटारी सामान्य माणूस दुकानातून विकत घेतो आणि घरी वापरतो, त्याच मोटारींची शर्यत, अशी मूळ कल्पना. मैदान अंड्याच्या आकाराचे, लांबट गोल. गाड्या सरळ धावून परत न येता त्या गोलातच फेऱ्या मारतात. एका मैलापेक्षा कमी घेर असेल तर ते छोटे मैदान समजतात. सुरुवातीला अशी पुष्कळशी मैदाने मातीचीच होती. नांगरलेल्या रानात गाड्या फिरवाव्यात, तशी धूळ उडे. पाहणारेही बहुतेक आसपासचे शेतकरी आणि गिरणी कामगार असत.

या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९४८ साली 'नॅस्कार' नावाची संस्था स्थापन झाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या मैदानावर, केवळ दुकानातल्या गाड्यांसाठी म्हणून तिने पहिली शर्यत घेतली. ग्लेन डनावे नावाचा चालक पहिला आला. शर्यत संपल्यावर पंचांनी गाडी तपासली, तर मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार केलेला आढळला. चोरट्या दारूची वाहतूक करणारे लोक ओझ्याने गाडी बसू नये म्हणून असा फेरफार करीत. पंचांनी त्याचा पहिला क्रमांक काढून घेतला आणि दूरच्या कॅन्सस राज्यातून आलेल्या जिम रोपर याला विजयी ठरवले. नियम साधा होता. गाडी घरच्या वापराची पाहिजे. शर्यतीपुरती बनवलेली नको.

पण पुढे काय झाले? बक्षिसे वाढली, नाव वाढले, तसा नियम सैल होत गेला. आज त्या शर्यतीत धावणारी गाडी केवळ दिसायला दुकानातल्या गाडीसारखी असते. आतले सर्व काही शर्यतीसाठीच घडवलेले. ती गाडी घेऊन बाजारहाट करता येणार नाही. नाव मात्र अजून 'स्टॉक कार'च आहे.

या शर्यतींत आपल्या देशाचा एक माणूस परमुलखात जाऊन उतरला होता. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन. २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारा तो पहिला भारतीय. मार्च २०१० मध्ये तो व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सव्हिल येथे नॅस्कारच्या पिकअप ट्रकांच्या शर्यतीत धावला. ज्या जातीची गाडी आपल्याकडे बैल वाहून नेते, तशाच गाड्यांची तेथे शर्यत असते! मार्टिन्सव्हिलचे मैदान घेराने सुमारे ८५० मीटर, म्हणजे छोटे. वळणे इतकी आवळ, की दर फेरीला दोनदा कचकचून ब्रेक लावावा लागतो. अडीचशे फेऱ्यांची ती शर्यत. कार्तिकेयनने असे मैदान पूर्वी कधी खेळलेले नव्हते, तरी तो तेरावा आला. त्या हंगामात तेथील प्रेक्षकांनी त्याला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून मते दिली. बाहेरच्या जोडीचे कौतुक करणारी माणसे तिकडेही आहेत, हे त्यावरून दिसते. त्या मैदानाची आणखी एक मौज अशी, की १९६४ पासून तेथे विजेत्याला करंडकाबरोबर माणसाच्या उंचीचे लंबकाचे घड्याळ बक्षीस देतात. पटाच्या माणसाला हे बक्षीस चटकन पटेल. त्याचे सारे नशीब घड्याळावरच तर टांगलेले असते.

इंग्लंडमध्येही अशी छोटी गोल मैदाने आहेत. तेथे १९५४ साली लंडनच्या न्यू क्रॉस मैदानावर स्टॉक कार शर्यतीची सुरुवात झाली. तेथील चालक आपली गाडी ट्रेलरवर चढवून, घरच्या दोन-चार माणसांना बरोबर घेऊन, समुद्रापलीकडे हॉलंडला जातात. काही जण तर न्यूझीलंडसारख्या दुधाच्या धंद्याच्या देशात जाऊन तिथल्या चालकांशी झुंजतात. पण त्याच मैदानांवर भंगारात निघालेल्या जुन्या मोटारींची शर्यतही ठेवलेली असते. काचा काढायच्या, सुरक्षेपुरती मजबुती करायची आणि उतरायचे. ज्याच्या खिशात फारसे पैसे नाहीत, तोही शनिवारी संध्याकाळी मैदानात उतरू शकतो. नामांकितांसाठी एक दार आणि साध्या माणसासाठी दुसरे दार, अशी ही व्यवस्था आहे.

औत सुटले, पट राहिला

आता आपल्या घरी परत येऊ. पटाची मूळ कल्पनाही स्टॉक कारसारखीच होती. जी जोडी आषाढात डवऱ्याला चालली, दिवाळीनंतर वखराला चालली, जिने बंडी ओढून कापूस जिनात नेला, तीच जोडी सुगीनंतर छकड्याला जुंपायची आणि कोणाची जोडी तयारीची ते पाहायचे. त्यात जिंकणे म्हणजे वर्षभर बैल नीट राखल्याची पावती होती. पट हे एक प्रकारचे कृषिप्रदर्शनच होते म्हणा ना. चांगली जोडी कोणाकडे, चांगला गोऱ्हा कोणत्या वळूचा, हे सगळे तिथे कळे.

आज काय दिसते? ट्रॅक्टर आला, सोयाबीन आले, मळणीयंत्र आले. दावणीला बैल राहिला नाही. देशाच्या पशुगणनेचे आकडे पाहा. २०१२ साली देशात गोवंशातील नर जनावरे सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ साली ती सुमारे ४ कोटी ७४ लाख राहिली. सात वर्षांत शंभरातली तीस गेली. पोळ्याला तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या मोजा, म्हणजे आपल्या गावाचा आकडा तुम्हालाच कळेल.

औताचा बैल कमी झाला आणि पटाचा बैल मात्र वाढला. त्याला वखर माहीत नाही, डवरा माहीत नाही. त्याला सरकीची ढेप, चुनी, दूध, अंडी असा खुराक मिळतो. त्याची किंमत लाखांत बोलली जाते. ती जोडी औताला जुंपा म्हटले, तर मालक तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. स्टॉक कारचे जे झाले, तेच पटाच्या जोडीचे होऊ लागले आहे. नाव शेतकऱ्याच्या बैलाचे, पण शेताशी नाते उरलेले नाही.

बंदीची वर्षे आणि आजचा कायदा

मध्यंतरी हा खेळ बंद होता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती यांवर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून नियम ठरवले. पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

बंदी का आली, हे विसरता कामा नये. तुतारीची आर टोचणे, शेपटी पिरगाळणे, विजेचा झटका देणे, दारू पाजणे हे प्रकार काही ठिकाणी होत होते. जनावराला बोलता येत नाही, म्हणून कोणीतरी त्याच्या वतीने न्यायालयात गेले. इंडोनेशियातील मदुरा बेटावर भातशेती करणारे शेतकरी बैलांच्या जोड्या लाकडी घसरगाडीला जुंपून पळवतात. त्यांच्या अंतिम शर्यतीला राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा करंडक असतो. तेथेही खिळ्यांच्या काठीवरून असाच वाद झाला. म्हणजे हा प्रश्न एकट्या आपला नाही.

आजच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आयोजकांना अनामत भरावी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नसावी लागते. काठी, चाबूक, विजेचे साधन यांना सक्त मनाई आहे. कायदा मोडून जनावराला यातना देणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विनापरवाना पटाला जोडी घेऊन जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की बक्षीस मिळाले तरी ते घरी पोचेलच असे नाही.

घरची वही काय सांगते

आता थोडा हिशेब. पटाची जोडी पाळणाऱ्या घरी पुरुषमंडळी वेळेचा हिशेब तोंडपाठ सांगतात, पण खर्चाचा विचारला की हसून टाळतात. समजा, दोन बैलांच्या खुराकाला आणि देखभालीला रोज ३०० रुपये लागले, तर वर्षाला १ लाख ९ हजार ५०० रुपये झाले. हंगामात आठ पट केले आणि दर पटाला गाडीभाडे, प्रवेश आणि माणसांचे जेवण मिळून ४,००० रुपये गेले, तर आणखी ३२,००० रुपये. म्हणजे एकूण १ लाख ४१ हजार ५०० रुपये. यात जोडीची मूळ किंमत नाही, डॉक्टरची फी नाही आणि घरच्या बाईने पहाटे उठून केलेल्या शेणगोठ्याची मजुरीही नाही. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही तुमचे घाला. पण घाला मात्र जरूर. एका बाजूला हा खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला बक्षीस लिहा आणि ते पान घरात सर्वांना वाचून दाखवा.

आमचा जिल्हा हा २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या विदर्भाच्या विशेष मदत योजनेतील सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. तो मान आम्हाला कशामुळे मिळाला, ते सांगायला नको. कर्ज काढून बी-बियाणे आणणे समजू शकते. कर्ज काढून पटाची जोडी आणणे समजू शकत नाही. हौसेला मोल नसते हे खरे, पण सावकाराच्या वहीत तिचे मोल व्याजासकट लिहिलेले असते. पटावर पैजा लावणाऱ्यांची संगत तर दुरूनच नमस्कार करावी अशी.

फिरत्या जोडीची निगा

ज्यांना झेपते त्यांनी जोडी जरूर पाळावी. त्यांच्यासाठी काही गोष्टी.

गोऱ्हा अदंत किंवा दोन दाती असताना त्याला पूर्ण ताकदीने पळवू नये. त्याची हाडे आणि सांधे अजून पक्के झालेले नसतात. चार दाती झाल्यावर बेताने सराव सुरू करावा. लवकर पळवलेला बैल एखाद-दुसरा पट मारील, पण सहा दाती होईतो लंगडा होईल.

गाडीत बैल उभा करताना खाली कुटाराचा किंवा वाळूचा जाड थर द्यावा, म्हणजे पाय घसरत नाही. दोघांच्या मध्ये आडवे लाकूड बांधावे. घाट चढताना-उतरताना बैल सारखा तोल सावरीत असतो आणि त्याचे पाय भरून येतात. म्हणून राजूरचा किंवा बोथ्याचा घाट ओलांडला, की गाडी थांबवून बैल उतरवावे, पाणी पाजावे, अर्धा तास फिरवावे. रात्रभर प्रवास करून सकाळी लगेच जुंपू नये. बैल रवंथ करणारे जनावर आहे. शांत बसून रवंथ झाल्याशिवाय त्याला विश्रांती मिळत नाही. शर्यतीच्या तोंडावर पोटभर ढेप देऊ नये. धाव संपल्यावर लगेच थंड पाण्याची बादली पुढे ठेवू नये. आधी दम जिरू द्यावा. बैलाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. सावलीत विसावा देऊनही ते उतरले नाही, तर जोडी त्या दिवशी पुन्हा सोडू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोगराई. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी चर्मरोग आढळला आणि पाहता पाहता आमच्या जिल्ह्यातही पसरला. त्या वेळी शासनाला जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती सर्व काही बंद करावे लागले. हा रोग माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. दहा गावचे बैल जेथे एकत्र येतात, तेथून एक आजारी बैल दहा गावांना रोग वाटून देऊ शकतो. म्हणून लसीकरणाचा दाखला बरोबर ठेवावा. परगावच्या हौदात बैलाचे तोंड घालू नये, आपली बादली आपल्याजवळ असावी. आणि घरी परतल्यावर पटाची जोडी दोन आठवडे दुभत्या गाईपासून वेगळी बांधावी. नवऱ्याच्या हौसेपायी घरच्या बाईची दुधाची गाय जाऊ नये.

गावगाड्याला जागा हवी

शेवटी मूळ मुद्दा. फिरत्या, नामांकित जोड्या पटाला याव्यात. त्यांच्यामुळे मैदान भरते, परमुलखातील माणसांची ओळख होते, चांगले बैल डोळ्यांना दिसतात. त्यांना बंदी करा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या पटात केवळ त्याच जोड्या धावतात, त्या पटात गावचा शेतकरी नुसता प्रेक्षक होतो. त्याच्या औताच्या जोडीने तिथे उतरायचे म्हणजे बंडीने रेल्वेशी शर्यत लावण्यासारखे आहे.

म्हणून प्रत्येक पट कमिटीने गावगाड्याचा गट ठेवावा आणि तो नावापुरता ठेवू नये. नियम साधे असावेत. जोडी पंचक्रोशीतील असावी. ती त्या वर्षी औताला चाललेली असावी. खांद्यावरचा घट्टा पाहिला की जाणत्याला ते कळते, शिवाय शेजारी साक्षीला असतातच. धावण्याबरोबर ओझे ओढणे, सरळ तास काढणे, हाकेला थांबणे यांनाही गुण असावेत. बक्षीस रोख रकमेपेक्षा उपयोगी वस्तूचे असावे, जसे ढेपेचे पोते, नवा डवरा किंवा तिफण. बैलाच्या अंगावर वळ दिसला, तर ती जोडी बाद. आणि हा गट दुपारच्या भर गर्दीच्या वेळी सोडावा. उन्हे उतरल्यावर मंडप रिकामा झाला असताना नव्हे.

असे झाले तर आजही ज्याच्या दावणीला एक जोडी शिल्लक आहे, त्याला ती राखावीशी वाटेल. पाच-सात एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बैल अजून परवडतो. कपाशी-तुरीच्या ओळींतून डवरा चालवायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही, तो डिझेल पीत नाही आणि शेणखत देतो. ट्रॅक्टर ज्याला परवडतो त्याने जरूर वापरावा. पण ज्याला परवडत नाही, त्याच्या घरचा बैल केवळ अप्रतिष्ठेपायी विकला जाऊ नये. पटाच्या मैदानात वर्षातून एकदा त्या जोडीचे नाव पुकारले गेले, तर त्या घराचा मान राहतो.

अमेरिकेतील स्टॉक कार दुकानातून मैदानात गेली आणि पुन्हा दुकानात परतली नाही. आपल्या बैलाचे तसे होऊ नये. पटात जिंकलेली जोडी दुसऱ्या दिवशी औताला चालली पाहिजे. वऱ्हाडाच्या शंकरपटाची शान त्यातच आहे, आणि ती राखणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.